रायफल एकदाच, छर्रे रोज

पॅरिस ऑलिंपिकमधले एक छायाचित्र वाचकांना नक्की आठवत असेल. ३० जुलै २०२४ रोजी दहा मीटर एअर पिस्तुलाच्या मिश्र दुहेरीत तुर्कस्तानच्या जोडीला रौप्यपदक मिळाले. त्या जोडीतला एक्कावन्न वर्षांचा युसूफ डिकेच एक हात खिशात घालून, साधा टी-शर्ट आणि नेहमीचा चष्मा लावून, भाजीबाजारात उभे राहावे तसा उभा होता. शेजारचे स्पर्धक डोळ्यांवर झापडे आणि भिंगे लावून एखाद्या परग्रहावरून आल्यासारखे दिसत होते. मग काय, घरोघरीच्या मोबाइलवर संदेश फिरू लागले : साधने नाहीत, थाट नाही, फक्त कौशल्य! आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींतही आठवडाभर हाच विषय होता. त्याच स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्यपदक मिळवले होते, पण चर्चा मात्र त्या खिशातल्या हाताची!

संदेश गोड होता, पण अर्धाच खरा होता. डिकेचच्या हातातले पिस्तूल जत्रेतले फुगे फोडायचे नव्हते. ते त्याच्या शेजाऱ्यांच्या पिस्तुलासारखेच खास स्पर्धेसाठी बनवलेले होते. दुसरा हात खिशात घालणे हाही काही बेफिकिरीचा नमुना नव्हे. मोकळा हात लोंबकळत राहिला तर अंग हलते, म्हणून पिस्तूलवाले तो कुठेतरी अडकवूनच ठेवतात. गृहस्थ तुर्की लष्करी पोलीस दलातून निवृत्त झालेला आणि २००८ च्या बीजिंगपासून दर ऑलिंपिकला हजेरी लावणारा. ज्याला आपण ‘साधेपणा’ म्हणालो, तो वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेला होता. काय लागत नाही हे त्याला कळलेले होते, आणि ते कळायला आधी बरेच काही वापरून पाहावे लागते.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे, की पॅरिसनंतर महाराष्ट्रात नेमबाजीकडे वळणारी मुले वाढली आहेत आणि आईबापांसमोर पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. एका बाजूला ‘साधनांत काय आहे’ म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला ‘जर्मन रायफल घेतल्याशिवाय काही होत नाही’ म्हणणारे. मला दोघांशीही थोडे भांडायचे आहे.

आधी पहिल्यांशी. रायफलीचा खेळ हा दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरचा खेळ आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या छापील पूर्णविरामाएवढा असतो. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. आता साधे त्रैराशिक मांडा. मीटरभर लांबीच्या रायफलीचे टोक एक दशांश मिलिमीटरने सरकले, तर पन्नास मीटरवर पाच मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मध्यावर बसणारी गोळी थेट दहाच्या काठावर जाते. असा खेळ वाकड्या नळीने आणि अडखळणाऱ्या चापाने खेळता येत नाही. शिवाय पुष्कळांची समजूत असते तशी या रायफलींना दुर्बीणही नसते. मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाला स्पर्धेत मनाई आहे. पुढच्या बारीक कडीत काळे वर्तुळ बसवायचे, एवढेच डोळ्याच्या हाती.

आणि हत्यार दगा देतेच. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये भरले, तेव्हा पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचे पिस्तूल बिघडले. दुरुस्तीत बराच वेळ गेला, घड्याळ मात्र थांबले नाही. तिचे ५७५ गुण झाले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेव्हा ‘साधनांत काय आहे’ हे तिला सांगायला जाऊ नये.

पण एकदा नळी सरळ, चाप निर्मळ आणि दस्ता अंगाला बसणारा झाला, की मग पुढचे काम रायफल करत नाही. महागड्या रायफलींमधला आपसातला फरक आणि दोन नेमबाजांमधला फरक यांची तुलनाच नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचे, चाप ओढायचा नाही तर दाबत न्यायचा, बार झाल्यावरही क्षणभर तसेच राहायचे, आणि मन बिथरले तर रायफल सरळ खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. यातले शेवटचे सर्वांत अवघड, असे जाणकार सांगतात. यातली एकही गोष्ट खोक्यात घालून परदेशातून येत नाही.

अभिनव बिंद्राचे उदाहरण ‘पैशाचा खेळ’ म्हणून नेहमी दिले जाते. घरच्या आवारात स्वतःची रेंज, उत्तमोत्तम परदेशी साहित्य, हे सगळे खरेच होते. परंतु बीजिंगला २००८ मध्ये काय घडले ते पाहा. अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या गोळ्या झाडताना त्याच्या ध्यानात आले, की गोळी भलतीकडे, चारच्या आसपासच्या वर्तुळात जाते आहे. रायफलीची दर्शनी कशाने तरी हलली होती. हाताशी होती थोडी मिनिटे. त्याने कळा फिरवून ती पुन्हा जागेवर आणली आणि पहिलाच बार १०.७ चा मारला, शेवटचा १०.८ चा. बेरीज ७००.५, आणि भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्या मिनिटांत त्याची महागडी रायफल त्याच्या विरुद्ध होती. किती कळ फिरवली की गोळी किती सरकते, हे ज्याच्या बोटांत मुरलेले आहे तोच तिथे वाचतो. पैशाने बिंद्राला काय दिले असेल, तर हवे तितके तास आणि हव्या तितक्या गोळ्या. लोकांना मात्र दिसली ती रायफल.

इतिहासातही याचा दाखला आहे आणि तो आपल्या ओळखीच्या हत्याराचा आहे. बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश फौजेची पुरती शोभा झाली. त्यानंतर त्यांनी शिपायांच्या नेमबाजीवर मेहनत घेतली. हाइथच्या नेमबाजी शाळेतल्या प्रशिक्षकांनी खरे तर जास्त मशीनगन मागितल्या होत्या. खर्चाचे कारण सांगून त्या मिळाल्या नाहीत, तेव्हा शिपायालाच यंत्र बनवायचे ठरले : साध्या ली-एन्फिल्ड रायफलीने, तीनशे यार्डांवर, मिनिटाला पंधरा नेमके बार. ऑगस्ट १९१४ मध्ये मॉन्सच्या लढाईत जर्मनांना समोर मशीनगन असल्याचा भास झाला, अशी कथा सांगतात. कथा थोडी फुगवलेली असेल. पण त्या माऱ्याचा तडाखा खरा होता. पुढे काय झाले ते जास्त बोलके आहे. ती कसलेली फौज १९१४ च्या अखेरपर्यंत बव्हंशी कामी आली. तिच्या जागी लाखो स्वयंसेवक घाईने भरती झाले. हातात तीच ली-एन्फिल्ड, तेवढीच सरळ नळी, तीच काडतुसे. पण मिनिटाला पंधरा नेमके बार काही पुन्हा जमले नाहीत. कारखान्याला रायफली बनवता आल्या. नेम माणसांबरोबर मातीत गेला होता.

फिनलंडच्या सिमो हायहाचेही नाव या संदर्भात निघते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात हा शेतकरी दुर्बिणीशिवाय, साध्या लोखंडी माशीवर नेम धरत असे, कारण दुर्बीण लावली की डोके वर उचलावे लागते आणि काच चमकते. म्हातारपणी यशाचे रहस्य विचारल्यावर त्याने ‘सराव’ एवढेच सांगितले म्हणतात. त्याने टिपलेल्या माणसांची मोजदाद मात्र रविवारच्या पुरवणीत नको.

ली-एन्फिल्ड म्हणजेच आपली थ्री नॉट थ्री. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ही रायफल पुन्हा सर्वांच्या नजरेत आली. एके-४७ समोर शतकापूर्वीच्या घाटाची बंदूक! तेव्हा झालेला संताप योग्यच होता. त्या असमान सामन्याचे समर्थन कोणी करू नये. पण चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली गेली : दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव खुंटला होता. पुढे नवी शस्त्रे आली, त्यांची छायाचित्रे छापून आली, संचलने झाली. अहवालातले सरावाविषयीचे ते वाक्य मात्र कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. असे का होते, याचे उत्तर मला शस्त्रशास्त्रात नव्हे, हिशोबशास्त्रात सापडते.

माझी पस्तीस वर्षे बँकेत गेली. एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना आमच्याकडे रखवालीला एक माजी हवालदार होते, साताऱ्याकडचे. दाराशी स्टुलावर बसत, मांडीवर बारा बोअरची दुनळी. ही दुनळी आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये टेबले, तिजोरी आणि छताचे पंखे यांच्या पंगतीत नोंदलेली होती. दरवर्षी तपासनीस येई, बंदुकीचा क्रमांक वाचून खूण करी, परवान्याची मुदत पाही, पुसायच्या तेलाची बाटलीसुद्धा विचारी. ‘शेवटचा बार कधी झाडला?’ असा रकाना त्या वहीत नव्हताच. सरावाच्या काडतुसांसाठी मी वरच्या कार्यालयाला लिहिले, तर ‘खर्चाचे औचित्य कळवावे’ असे उत्तर आले. हवालदार हसून म्हणाले, ‘‘साहेब, बंदूक पुसायला तेल मिळतंय, झाडायला काडतूस नाय. उद्या कोण आलाच तर मी त्येला नुसती चकाकी दाखवणार.’’

यात त्या बँकेची विशेष खोट होती असे नाही. हिशोबाची रीतच तशी आहे. भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांत आपण लहानपणापासून भेद करतो. यंत्र घेतले की ते दिसते, मोजता येते, त्यावर क्रमांक रंगवता येतो, गहाण ठेवता येते, मंत्र्यांना बोलावून फीत कापता येते. सराव मात्र खर्ची पडतो आणि नाहीसा होतो. झाडलेल्या गोळीला कोणी तारण म्हणून घेत नाही. ट्रॅक्टरसाठी मी कितीतरी कर्जे मंजूर केली. ट्रॅक्टर चालवायला शिकण्यासाठी एकही नाही, कारण तसा अर्जाचा नमुनाच नव्हता. शाळेत संगणक येऊन झाकणाखाली धूळ खात पडतात, ग्रामीण रुग्णालयात यंत्र येते पण ते चालवणारा माणूस येत नाही, त्यामागेही हीच रीत आहे. पण विषय नेमबाजीचा आहे, तिकडेच राहू.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले, ४५१.४ गुणांनी. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा पात्रता फेरीत सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून मारण्याच्या टप्प्यांत तो मागेच राहिला. वर सरकला तो उभ्याने मारताना. पालथे पडल्यावर जमीन, कातडी पट्टा आणि जाड कोट तुम्हाला धरून ठेवतात. उभ्याने मारताना त्यांतले बहुतेक आधार सुटतात आणि तुमचे दोन पाय, कंबर आणि सराव एवढेच उरते. पदक तिथे मिळाले, हे मला फार सूचक वाटते.

त्याचे वडील शाळाशिक्षक. मुलाच्या खेळासाठी त्यांनी कर्ज काढल्याचे त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आले होते, आणि त्यात गोळ्यांच्या खर्चाचाही उल्लेख होता. ती बातमी वाचून माझ्यातला जुना अधिकारी चपापला. गोळ्यांसाठी कर्ज! आमच्या कोणत्याही योजनेत न बसणारे प्रकरण. कोल्हापूरकरांना अर्थात असे व्यवहार नवे नाहीत. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजार रुपयांकरिता आपले घर गहाण टाकले होते. खाशाबांच्या खेळाला लंगोट आणि तांबडी माती पुरे होती, खर्च होता प्रवासाचा. त्यांच्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली.

स्वप्नीलचे पदक येताच राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले. त्याला ते मिळावेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या एक कोटीचा जन्म पदकानंतरचा आहे. स्वप्नील २००९ पासून शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, बालेवाडीच्या रेंजवर घडला, दीपाली देशपांडे यांच्यासारखी स्वतः ऑलिंपिक खेळलेली मार्गदर्शक त्याला मिळाली, आणि रेल्वेच्या नोकरीने पगार दिला. ही चार कलमे पदकाच्या आधीची. चारही महसुली खर्चाची. एकाचीही फीत कापता येत नाही.

या मुलाच्या आधी आपल्याकडे एक अख्खी पिढी होऊन गेली आहे. अंजली भागवत एनसीसीतून आल्या. १९८८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा रायफल हातात घेतली, ती काही वडिलांनी परदेशातून मागवलेली नव्हती. पुढे वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्तींच्या हाताखाली अंजली, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशा मुली तयार झाल्या. अंजली २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला चारशेपैकी चारशे गुण मिळवले. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या. या सगळ्यांनी पुढे चांगल्या रायफली वापरल्याच. त्या पातळीवर दुसरा मार्ग नाही. पण क्रम पाहा. नेम आधी आला, रायफल मागून आली. आता मात्र दुकानदार क्रम उलटा करू पाहत आहेत.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गेल्या वर्षी असेच माझ्याकडे आले. ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात म्हणून विचारतो. सोनं ठेवून कर्ज काढावं का?’’ मुलगी नववीत, सहा महिन्यांपासून एअर रायफल शिकते आहे, बरी मारते. दुकानदाराने दोन पानी यादी दिली होती : परदेशी रायफल, कोट, विजार, बूट, हातमोजा, चष्म्याची चौकट. एकूण रक्कम लाखांत. बायकोच्या पाटल्या आणि तिच्या आईकडून आलेला हार यांची पिशवी ते बरोबरच घेऊन आले होते. मी पिशवी उघडू दिली नाही.

मी त्यांना फक्त हिशोब घालायला बसवले. मुलगी दिवसाला किती छर्रे मारते? चाळीस. का? क्लबात एका जागेवर चौघे जण आणि डबी संपली की संपली. खऱ्या तयारीला, समजा, दिवसाला दोनशे लागले आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर आठवड्याला हजार, वर्षाला बावन्न हजार. पाचशेची एक डबी धरली तर एकशेचार डब्या. म्हटले, कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर या एकशेचार डब्या कोठून येणार? गृहस्थ गप्प झाले. मग मी विचारले, प्रशिक्षक आठवड्यातून किती वेळ तिच्या पाठीशी उभा राहतो? क्लबाची रायफल तिच्या खांद्याला बसते का? आणि वाढत्या वयाच्या मुलीला आज बेतलेला जाड कोट दोन वर्षांनी होणार आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्याचे ‘बऱ्यापैकी’ असे आले. तिसऱ्यावर ते स्वतःच हसले.

मला नेमबाजीतले कळत नाही, म्हणून मी त्यांना प्रशिक्षकाकडेच परत पाठवले. त्याने सांगितले, की क्लबाच्या रायफलीने ही मुलगी जितके गुण मिळवू शकते त्याच्या अजून बरीच खाली आहे. रायफल तिला अडवू लागेल त्या दिवशी मी स्वतः सांगेन. शिवाय घरी बिनछऱ्याचा सराव सांगितला, त्याला पैसा लागत नाही. क्लबातली एक जुनी रायफल आठवड्यातून दोन दिवस घरी न्यायला मिळते. तेव्हा संध्याकाळी ही मुलगी त्यांच्या लांबलचक दिवाणखान्यात उभी राहते, समोरच्या भिंतीवर एक काळा ठिपका, आणि अर्धा-पाऊण तास रिकामा चाप दाबत असते. आई स्वयंपाकघरातून मधूनमधून डोकावते. धाकट्या भावाला त्या वेळात दूरदर्शन संच लावायची बंदी आहे, त्याची तक्रार वेगळी.

कोट एका मोठ्या मुलीचा वापरलेला मिळाला. हातमोजा आणि बूट नवे घेतले. उरलेल्या पैशांतून डब्या येतात आणि प्रत्येक डबी उघडल्याची तारीख एका वहीत लिहिली जाते; ती वही मीच आखून दिली आहे, जुनी सवय. परवा तिचे वडील जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘काका, सदतिसावी डबी चालू आहे. पण पुढेमागे रायफल घ्यावी लागेलच ना?’’

‘‘लागेल,’’ मी म्हटले. ‘‘तेव्हा पिशवी घेऊन या.’’